टेशनदेवाचा नवस

कल्याणच्या खाडीकाठचं जुनं स्टेशन केव्हाच बंद पडलं होतं. तिथल्या तिकीटघरात गुणाजी कोळी राहत होता. बाप रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन असताना मिळालेला तो निवारा. पावसाळ्यात कौलं गळत, संडासाला रूळ ओलांडून जावं लागे. १९९३ साली इमारत पाडायचं ठरलं. पाडली की कुटुंबाला बाळकुमला खोली मिळणार, असं रेल्वेच्या ठाण्याच्या कचेरीत सांगितलं गेलं. गुणाजीच्या बायकोने, मंजुळाने, भांडी बांधायला घेतली.

अडचण एकच होती. इतिहासप्रेमींची एक समिती म्हणत होती, हे स्टेशन रेल्वेच्या पहिल्या काळातलं आहे, पाडू नका. पुरावा मात्र त्यांच्याकडे नव्हता. शनिवारी ते शेवटचं पाहून जाणार होते.

स्टेशनच्या पायरीशी शेंदराने लडबडलेला एक दगड होता, तोच टेशनदेव. होडी पाण्यात घालताना कोळी त्याला शेंदूर चढवत. खोली मिळाली तर तेल-शेंदूर करीन, असा मंजुळाचा नवस होता. शनिवारी सकाळीच तिने तेल कोमट केलं.

"खोली तर मिळू दे," गुणाजी म्हणाला.

"मग काय बुलडोझरवाल्याला सांगू, जरा थांब, देवाचं करते?"

तेल मुरलं आणि शेंदराचं जाड कवच दगडापासून सुटलं. मंजुळाने हात जोडले. देवाने कवच टाकलं म्हणजे तो नवसाला पावला. पडलेलं कवच लगेच वाहत्या पाण्यात सोडायचं असतं. ते पाटीत घेऊन ती खाडीवर गेली.

परत आली तेव्हा समितीच्या प्रमोदिनीबाई दगडापुढे गुडघे टेकून बसल्या होत्या. उघड्या दगडावर इंग्रजी अक्षरं होती, खाली स्टेशन बांधल्याचं साल.

"बाई, हे तुम्ही साफ केलंत? किती वर्षं आम्ही हेच शोधतोय. आता स्टेशनला कुणी हात लावणार नाही."

"आणि आमची खोली?"

"खोली कशाला? तुम्ही इथेच राहायचं. तुमच्याइतकं कोण जपणार?"

मंजुळाने गुणाजीकडे पाहिलं. तो म्हणाला, "आणखी घाल तेल."

पावसाळ्याआधी देवाभोवती लोखंडी जाळी बसली. शेंदूर लावायला बंदी झाली, आणि जुन्या लाकडाला धोका म्हणून आत चूल पेटवायलाही. जाळीची किल्ली मंजुळाकडे दिली. पाहायला कुणी आलं की ती फलाटावरच्या चुलीपासून उठते, कुलूप काढते आणि पुन्हा भाकरीकडे वळते. बांधलेल्या भांड्यांतली तिने दोनच बाहेर काढली आहेत.