खोटुं

मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडी, तोंड रबराचं आणि त्यावर गुजराती लिपीत कोरलेला एकच शब्द: खोटुं. अक्षरं उलटी कोरलेली, त्यामुळे माझं मलाच ते कधी वाचता आलं नाही. कागदावर उमटलो की दिसायचो. मित्रांनो, या एका शब्दाच्या जोरावर मी बावीस वर्षं रुबाबात काढली आणि दहा दिवसांत तो सगळा रुबाब उतरला. त्याचीच ही हकिगत.

माझा जन्म सुरत स्टेशनाजवळच्या एका चिंचोळ्या दुकानात झाला. मला घडवून घेतलं भूपेंद्रसरांनी. सुरतेजवळच्या सचिन गावाच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवतात. वह्यांचे गठ्ठे तपासून त्यांचं मनगट सुजायचं, म्हणून ही सोय. माझ्यासोबत 'सरस', म्हणजे छान, नावाचा एक भाऊही आला होता, पण त्याला काम बेताचंच. मी मात्र दिवसभर जांभळ्या शाईत न्हायचो. उत्तर चुकलं की ठप्प! गुजरातीत चुकीच्या गोष्टीला खोटुं म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

सरांसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कितीही मोठा गठ्ठा असो, एकही पान न वाचता पुढे सरकलं नाही. एकदा संस्थेच्या विश्वस्तांच्या पुतण्यावर सुद्धा त्यांनी मला निःसंकोच उमटवलं. त्या दिवशी मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला. मला मिशी नाही, ही गोष्ट वेगळी!

गेल्या वर्षी कॉलेजने ठरवलं की प्राध्यापकांसाठी आचारसंहिता हवी. शिक्षकाने कसं वागावं याचे लेखी नियम. समितीचे प्रमुख अर्थातच भूपेंद्रसर. पाहणीसाठी बाहेरची मंडळी येणार, वेळ थोडा, म्हणून कुणीतरी कॉम्प्युटरवरून बारा पानी आयता मसुदा छापून आणला. सत्यनिष्ठा, सचोटी, समभाव असे भारदस्त शब्द त्यात होते. पंख्याच्या वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून सरांनी मलाच त्यावर ठेवलं. नीतीच्या डोक्यावर मी बसलो होतो!

त्याच दिवसांत सोनालीचा प्रकल्प तपासायला आला. ती बारावीपर्यंत शिरपूरकडे गावी शिकलेली. कॉलेजसाठी सुरतेला आईवडिलांकडे आली आणि बसच्या पाट्या वाचत वाचत गुजराती लिपी शिकली. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या खडखडाटाने कामगारांना किती कमी ऐकू येतं, हे तिने साठ जणांना भेटून लिहिलं होतं. पण दोन्ही पाळ्यांची बेरीज चौसष्ट भरत होती. साठ माणसांची चौसष्ट कशी? सरांनी मला उचललं आणि मी त्या तक्त्याच्या मधोमध उमटलो.

पुढचे आठ दिवस सोनाली कॉलेजात दिसली नाही. नवव्या दिवशी तिची आई शोभाबाई स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. पदराच्या टोकाला सुताचे धागे चिकटलेले, हातात तो प्रकल्प.

"मनी पोर खोटं बोलनारी नही, साहेब," ती अहिराणीत म्हणाली. "तिनी सोता जाईसन बठ्ठं लिखं. मंग तुम्ही खोटं काब्र म्हनतस?"

सर गोंधळून बघत राहिले. पलीकडे इतिहासाच्या नूतनमॅडम बसल्या होत्या. त्यांचं माहेर धुळ्याचं. त्यांनी शोभाबाईंशी बोलून सरांना समजावलं की पोरीने स्वतः जाऊन सगळं लिहिलंय आणि मराठी घरात खोटं म्हणजे लबाडी. ती पोर अक्षर अक्षर लावून वाचून बसली होती की सरांनी तिला लबाड ठरवलं. आता ती परीक्षेला बसायचं नाही म्हणते आणि सोमवारपासून जवळच्या इच्छापोर गावी पॅकिंगच्या कामाला जाणार आहे.

माझी शाई गोठली. सरांना सहज म्हणता आलं असतं, तिला समजलं नाही त्याला मी काय करू. ते खुर्चीवरून उठले.

"मने खबर नहोती, बेन," ते चूक कबूल करत म्हणाले. "भूल मारी छे."

त्याच संध्याकाळी ते नूतनमॅडमना घेऊन सोनालीच्या आईवडिलांच्या खोलीवर गेले. गडबडीत मी त्यांच्या खिशातच राहिलो होतो. सोनाली मान वर करेना. सरांनी तक्ता उघडला आणि आठ दिवसांपूर्वी विचारायला हवं होतं ते आता विचारलं, "बेटा, हे चार जास्तीचे कोण?"

"जास्तीचे नाहीत, सर," ती हळूच म्हणाली. "चार जण दोन्ही पाळ्या करतात. म्हणून दोन्हीकडे लिहिले."

"कोण चार जण?"

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. तिचे वडील बन्सीलाल भिंतीला टेकून चहा पीत होते. आपल्याविषयी बोलणं चाललंय, हे त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

सरांनी माझ्या ठशाखालचे आकडे पुन्हा वाचले. बेरीज जुळत नव्हती, पण त्या तक्त्यातली सगळ्यात खरी गोष्ट नेमकी माझ्याखाली झाकली गेली होती. मित्रांनो, मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी समितीच्या बैठकीत सरांनी मला टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं, आणि ही चूक आचारसंहितेत यायला हवी म्हणाले. एक सहकारी कुरकुरले, "सर, बारा पानं तयार आहेत. आपल्याच हाताने आपली चूक कशाला लिहायची?"

"चूक आपली आहे, तर नियम दुसऱ्याचा कशाला?" सर म्हणाले.

मग पहिल्यांदाच कुणीतरी तो मसुदा नीट वाचला. नवव्या पानावर लिहिलं होतं, 'आपल्या डोंगराळ भागातील विद्यार्थ्यांना'. सुरतेत डोंगर! नूतनमॅडमना हसू आवरेना, मग ते कुरकुरणारे गृहस्थही हसले. सरांनी मला उचललं, शाईत बुडवलं आणि मसुद्याच्या पहिल्या पानावर दाबलं. खोटुं. तो माझा शेवटचा ठसा. गुजरातीतही बरोबर होता आणि मराठीतही.

नवी आचारसंहिता दीड पानाची झाली. तिचा पहिला नियम असा: विद्यार्थ्याच्या कामात चूक दिसली तर आधी त्याला विचारावं, मग चूक कोणती ते त्याला कळेल अशा भाषेत लिहावं. दुसरा: शिक्षक चुकला तर त्याने ते विद्यार्थ्यापुढे कबूल करावं. दोन्ही नियम सरांनी स्वतःच्या हाताने लिहिले, दुखऱ्या मनगटाने. सोनाली सोमवारी आली, ती थेट वर्गातच. तिच्या प्रकल्पात आता दोन पाळ्या करणाऱ्यांसाठी वेगळा रकाना आहे.

मी सरांच्या ड्रॉवरमध्ये पडून असतो. माझं रबर तडकलंय, शाईची डबी वाळलीय. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू! पण ज्या माणसाने मला बाजूला ठेवलं, त्याचा मला अभिमान वाटतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या शिक्षक होईल आणि गठ्ठा मोठा पाहून कुणाला माझी आठवणही येईल. तेव्हा मला शोधू नका, शाई लावू नका. समोरच्या मुलीला विचारा, "बेटा, हे चार कोण?" मी आहे तिथे कोरडाच बरा आहे.