कात्रीच्या हाती पडलेला अंक

मित्रांनो, मी एका कॉमिकचा जुना अंक आहे. माझी पानं पिवळी पडली आहेत, रंग विटले आहेत. तरी मी स्वतःला भाग्यवान समजतो. का, ते ऐका.

माझा नायक सुसाट. वाऱ्यासारखा धावणारा निळ्या पोशाखातला वीर. त्याच्या गोष्टी एक बहीण-भाऊ मिळून करत. भाऊ लिहायचा, बहीण चित्रं काढायची. पण सुसाट यायचा, धावायचा, जिंकायचा. वाचक कंटाळू लागले होते. संपादक म्हणाले, "कुणीतरी नवीन आणा, नाहीतर गाशा गुंडाळा."

तेव्हा बहिणीने घंटीला जन्म दिला. घंटी म्हणजे मदतकेंद्रात फोन घेणारी मुलगी. कुणी संकटात सापडलं की ती सुसाटला कळवायची. तिच्या अंगात कसलीही शक्ती नव्हती. वर ती बोलताना अडखळायची.

संपादकांनी कपाळाला हात लावला. "अडखळणारी मुलगी, आणि फोनवर? मुलं खो खो हसतील!"

"हसण्यासारखं मी काही काढलेलंच नाही," बहीण म्हणाली. "पानं तर बघा."

तिने घंटीचे शब्द तोडले नव्हते. जिथे शब्द अडायचा तिथे संवादाचा एक छोटा रिकामा फुगा काढला होता आणि त्यापुढे शब्दांचा फुगा. संपादकांनी सगळी पानं पाहिली आणि "छापा" एवढंच म्हणाले.

छापून बाहेर पडलो तो थेट एका समीक्षकाच्या हाती. साप्ताहिकात लिहिणाऱ्या या गृहस्थांना लोक 'कात्री' म्हणत, कारण त्यांच्या तावडीतून धड सुटलेलं पुस्तक विरळाच. माझी पाचावर धारण बसली.

जेवणाच्या टेबलावर ते मला वाचू लागले. आधी नाक मुरडलं. मग आगीचा प्रसंग आला. इमारत पेटली आहे, आत माणसं अडकली आहेत. कोणत्या मजल्यावर, ते फक्त घंटीला ठाऊक आहे आणि तिचा शब्द अडला आहे. सुसाट दारात उभा आहे. जगातला सर्वांत वेगवान माणूस अख्खं पान नुसता थांबतो. तिला बोलू देतो.

तेवढ्यात कात्रींची मुलगी शेजारी येऊन बसली. तीही बोलताना अडखळायची, म्हणून घरात फारशी बोलतच नसे. तिने ते पान वाचलं.

"बाबा," ती म्हणाली आणि अडली.

"पाणी हवंय? भूक लागलीय? गृहपाठ राहिलाय?" कात्रींनी नेहमीसारखे शब्द पुढे केले.

तिने नकारार्थी मान हलवली आणि रिकाम्या फुग्यावर बोट ठेवलं. कात्रींनी पानाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि ते थांबले.

"सुसाट किती छान थांबलाय," अखेर ती म्हणाली.

कात्रींनी चष्मा काढून उगाचच पुसला आणि लिहायला घेतलं. 'सुसाटचं धावणं पुष्कळ पाहिलं. त्याचं थांबणं पहिल्यांदाच पाहिलं, आणि या अंकातलं तेच सर्वांत देखणं पान आहे. घंटी कीव यावी म्हणून आलेली नाही. तिच्यावाचून गोष्ट पुढे सरकतच नाही.' कात्री अजिबात चालली नाही असं नाही हं! खलनायक पुठ्ठ्याचा वाटतो, शेवट घाईत उरकलाय, हेही त्यांनी सुनावलंच.

मग सगळं मुलीला वाचून दाखवलं. "काही राहिलं का गं?"

ती बोलू लागली. मध्येच अडली. कात्री हनुवटीवर हात ठेवून बसून राहिले. एकही शब्द त्यांनी पुरवला नाही.

"मुखपृष्ठावर घंटी कुठंय?" तिने विचारलं.

कात्रींनी मला मिटून पाहिलं. एकटा सुसाट! "अरेच्चा, हे माझ्या लक्षातच आलं नाही!" त्यांनी तीही ओळ घातली आणि खाली लिहिलं, 'ही तक्रार माझ्या मुलीची आहे आणि ती अगदी रास्त आहे.'

चित्रकार बहिणीने ते वाचलं. पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर कानाला फोन लावलेली घंटी झळकली. मालिका तरली, आणि त्या घरात जेवताना मुलीची बडबड ऐकू येऊ लागली.

मित्रांनो, जुनी पुस्तकं हळुवार हाताळा. आमची पानं लवकर फाटतात. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणाचा शब्द अडला, तर तो त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. तो शब्द त्याचा आहे. त्यालाच म्हणू द्या.