तिसऱ्या पट्टीवरचा आवाज

मित्रांनो, कपाटाच्या वर, जुन्या चादरीखाली जो काळा ठोकळा दिसतो ना, तो मी. मी एक जुना कॅसेट रेकॉर्डर आहे. साधासुधा नाही हं! माझ्यात एकाच टेपवर चार पट्ट्या असत आणि प्रत्येक पट्टीवर वेगळा आवाज भरता येई. पण एखाद्या पट्टीवर पुन्हा भरलं, की आधीचं कायमचं पुसलं जाई. माझा गुण म्हणा की दोष, तो एवढाच.

मला घेतलं ते ताईनं. ती एका लाँड्रीच्या काउंटरवर कामाला होती. तिची धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात होती आणि त्यांचा आतेभाऊ ढब्बू सामान पोचवायची गाडी चालवायचा. ताई गिटार वाजवी, ढब्बू ड्रम बडवी आणि धाकटी गाई. लाँड्रीच्या वरच्या खोलीत यांचा बँड जमला. खाली यंत्रांची घरघर असल्यामुळे लाँड्री दुपारी जेवायला बंद झाली, की त्या दीड तासातच रेकॉर्डिंग चाले. खोलीत कायम कुणाचे तरी कपडे वाळत टांगलेले असत. म्हणून बँडचं नाव ठेवलं 'ओले मोजे'. हा बँड चौदा महिने टिकला. गाणी झाली पाच.

ताईचा हात शिस्तीचा. माझ्या प्रत्येक पट्टीच्या बटणाखाली पांढरा चिकट कागद लावून ती लिहून ठेवी: गिटार, ड्रम, धाकटी, टाळ्या. मला त्या चिठ्ठ्यांचा भारी अभिमान वाटे.

एका कार्यक्रमात रेडिओवरच्या एका बाईंनी धाकटीचं गाणं ऐकलं. त्या म्हणाल्या, "हेच गाणं शनिवारपर्यंत कॅसेटवर आणून द्या. आवडलं तर लावू." तिघांनाही आभाळ ठेंगणं झालं.

सोमवारी धाकटी पहिल्यांदा गायली. दुसऱ्या कडव्यात ढब्बूच्या हातून काठी पडली आणि गाता गाता तिला हसू फुटलं. मित्रांनो, इतका मोकळा आवाज माझ्यात पुन्हा कधी भरला गेला नाही.

"हेच राहू दे," ढब्बू म्हणाला.

"हसली ती. परत घेऊ," ताई म्हणाली आणि तिनं माझं लाल बटण दाबलं. ते हसू गेलं.

मग रोज 'परत' आणि 'परत'. गुरुवारपर्यंत बत्तीस वेळा झालं. धाकटीचा घसा बसला. शेवटी तिनं कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

"तुला गाणं नकोच आहे, ताई. तुला फक्त माझ्या चुका हव्या आहेत."

"नखरे पुरेत. वेळ कमी आहे."

"मग तूच गा!" धाकटी म्हणाली आणि जिना उतरून गेली.

शुक्रवारी ताईनं रागाच्या भरात 'धाकटी' ही चिठ्ठी खरवडून काढली आणि तिसऱ्या पट्टीवर स्वतः गायली. एरवी मी कारण नसताना टेप गिळायचो. त्या दिवशी मात्र शहाण्यासारखा चालत राहिलो. याची खंत मला आजही आहे.

रेडिओच्या बाईंनी कॅसेट ऐकून परत केली. "सुरात आहे. पण ती मुलगी कुठे आहे?"

ताई धावत आली. टेप मागेपुढे फिरवून तिनं चारही पट्ट्या ऐकल्या. धाकटी कुठेच नव्हती. बँड तिथेच संपला. बहिणींचं बोलणंही.

परवा ताईच्या मुलीनं मला खाली काढलं. ताईनं तिला गिटार आणि ड्रम ऐकवले, तिसरी पट्टी बंद ठेवून.

"गाणारं कुणीच नाही?"

"तुझी मावशी होती. मीच पुसलं तिला."

"मग तिला फोन कर ना."

"कोणत्या तोंडानं करू?" ताईनं मला बंद केलं आणि पुन्हा कपाटावर ठेवलं. फोन तिनं अजून केलेला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण आपल्या माणसानं मनापासून काही केलं, तर 'परत' म्हणण्याआधी एकदा 'छान' म्हणा. बत्तीसही वेळा गाऊन झाल्यावर धाकटीनं ताईकडे पाहिलं होतं. ताई तेव्हा माझ्यावरच्या आवाज मोजणाऱ्या काट्याकडे पाहत होती.