बाबूभाईंचं नाक

बाबूभाईंनी पेट्रोलचा डबा नाकाशी धरला, डोळे मिटले आणि नेहमीसारखी मान डोलावली. वास मात्र काहीच आला नाही.

नव्याण्णव सालचा उन्हाळा होता. गोंडपिपरीत रस्त्यावर बाटलीतलं पेट्रोल घेतलं की लोक आधी बाबूभाईंच्या गॅरेजवर आणायचे. रॉकेल मिसळलंय की नाही, हे ते नुसतं हुंगून सांगत. गेल्या हिवाळ्यातल्या तापात ते नाकच गेलं. त्यांनी बायको सलीमालाही सांगितलं नव्हतं. नाक गेल्यावर बाबूभाईत उरलं काय, असं लोक म्हणतील, ही धास्ती.

"बरं हाये ना, भाऊ?" भागीरथाबाईंनी विचारलं. मांडवात त्यांच्या लेकीच्या, करिष्माच्या पाठवणीची घाई चालली होती. "तिच्या बाबानं जायच्या आधी भरून ठेवलं होतं. खराब असन तं फेकून देऊ. पन चालत असन तं पोरगी बापाच्या गाडीत, बापाच्याच पेट्रोलवर जाईन."

नवरा गेल्यापासून त्यांची व्हॅन गोठ्याशेजारी उभीच होती. बाबूभाई तिच्यामागे आठवडाभर खपले होते. टाकी उतरवून, आत गिट्टी घालून खळखळवली, गंज काढला, नळ्या फुंकल्या, कार्बोरेटर ताज्या पेट्रोलनं धुतला. एवढं केल्यावर 'बाई, तुम्हीच जरा वास घ्या' म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"एकदम बढिया," ते म्हणाले आणि डबा टाकीत रिकामा केला.

कार्बोरेटरमध्ये चांगलं पेट्रोल होतं, त्यावर व्हॅन सुरू झाली. भागीरथाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

जंगलाचा रस्ता लागला आणि व्हॅन आचके देत बंद पडली, ती पडलीच. "बापाच्या गाडीनं अर्ध्यातच सोडलं. नाट लागला," नवरदेवाची मावशी सगळ्यांदेखत बोलली. करिष्माला मागच्या जीपमध्ये भांड्याकुंड्यांत बसवून नेलं.

बाबूभाईंनी गाडी ओढून आणली. कार्बोरेटरची बारीक भोकं चिकट्यानं बुजली होती. पेट्रोल पार सडलेलं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सकाळी ते भागीरथाबाईंकडे गेले. त्या रिकाम्या मांडवाखाली झाडत होत्या.

"गाडीनं दगा नाई देला, बाई. पेट्रोल ठेवून ठेवून सडलं होतं. मले वासच येत नाई आता. मी खोटं बोललो."

भागीरथाबाईंचा झाडू थांबला.

"काल सांगतलं असतं, तं मीच वास घेतला असता ना, भाऊ."

बाबूभाई उभेच राहिले. बाई आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. निघावं की थांबावं, काही कळेना.

मग त्या चहा घेऊन आल्या. कप हातात देताना त्यांनी वर पाहिलं नाही.

"आलं टाकलं हाये," त्या म्हणाल्या.

बाबूभाईंनी "हो" म्हटलं आणि कप दोन्ही हातांनी धरला.