जागृत कॉम्प्युटर

शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्या रविवारी चपलांचा असा ढीग पडला होता की रिक्षावाल्याने मला गल्लीच्या तोंडाशीच उतरवलं.

"फुडं न्हाई जाता येणार, ताई. कॉम्प्युटरचं दर्शन चालू हाय."

कॉम्प्युटरचं! साल २००८. गाळ्याच्या दाराला आंब्याच्या डहाळ्या, आत उदबत्त्यांचा धूर, आणि धुरापलीकडे झेंडूच्या माळा घातलेला एक ढेरपोट्या मॉनिटर. त्याच्या कपाळावर हळदकुंकू. कीबोर्डच्या फटीत अंगारा. तेवढ्यात आतून आरोळी उठली, "पहिला! पहिला नंबर!" आणि टायर रिमोल्डिंगचं दुकान असलेला एक धिप्पाड गृहस्थ डोळे पुसत बाहेर आला. साऱ्या जगाच्या इंटरनेटवर त्याचं दुकान सगळ्यात वर दिसलं होतं. त्याने मला ओळख ना पाळख पेढा भरवला. पेढा चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे.

मी तेजश्री. दौंडला माझं वेबसाईट बनवायचं ऑफिस आहे. गिऱ्हाइकांच्या साईट बांधायच्या, त्यांची नावं दरवर्षी न विसरता रिन्यू करायची, आणि शोधणाऱ्याला त्या सापडाव्यात म्हणून सल्ले द्यायचे, हा माझा धंदा. माझे सल्ले भयंकर कंटाळवाणे असतात. काय बनवता ते खरं लिहा. कुठे बनवता ते लिहा. फोन चालू ठेवा. मग थांबा.

"किती थांबायचं?"

"काही महिने."

"मग येईल पहिला नंबर?"

"सांगता येत नाही."

या शेवटच्या उत्तरावर माझी निम्मी गिऱ्हाइकं उठून या गाळ्यातल्या कॉम्प्युटरवाल्या महाराजांकडे गेली. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते. महाराज दक्षिणाही घेत नव्हते, वर पेढे वाटत होते.

आज मात्र मी दौंडहून धावत आले होते ती ललिताताईंसाठी. सणसवाडीत त्यांची शेड आहे. तिथे बायका कंपन्यांचे युनिफॉर्म शिवतात. गेल्या महिन्यात रांजणगावच्या एका कंपनीने वेबसाईटवर नंबर बघून त्यांना फोन केला आणि मोठं काम दिलं. तेव्हापासून ती साईट म्हणजे शेडचं पुढचं दार झालं होतं. आणि आज ताई त्या दाराची किल्ली महाराजांच्या स्वाधीन करणार होत्या.

हे नीट सांगायला हवं. वेबसाईटचं नाव म्हणजे दुकानाची पाटी. पासवर्ड म्हणजे शटरची किल्ली. ज्याच्या हाती किल्ली, त्याचं दुकान. महाराजांचा विधी असा की पहिला नंबर दिसला की भक्ताने आपलं नाव 'समर्पण' करायचं. म्हणजे काय, तर पासवर्ड महाराजांच्या कानात सांगायचा. सगळ्या जगात गुरू शिष्याच्या कानात मंत्र सांगतो. इथे शिष्य गुरूच्या कानात सांगत होता, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं!

महाराज भगव्या कुडत्यावर निळा टाय लावून बसले होते. वाणी धो धो चालू होती.

"भक्तहो, गूगल काय आहे? सर्च इंजिन! इंजिनाला काय लागतं? तेल! कोणतं तेल?"

"भक्तीचं!" सगळे ओरडले.

"आणि तुमची साईट सातव्या पानावर का जाते? मागच्या जन्मीचे व्हायरस! उपाय काय? कीवर्डचा जप! पानावर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत आपला शब्द अकरा हजार वेळा लिहा. माणसाला दिसू नये, इंजिनाला ऐकू जावं!"

पुढच्या रांगेत मान डोलावत होते यवतच्या ढाब्याचे मालक पोपटराव. त्यांची साईट मीच बांधली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"आप्पा, तुमची साईट बरी चाललीय ना?"

"बरी? अगं, चमत्कार झालाय! जप केला, 'चिकन थाळी, चिकन थाळी', अकरा हजार बार. नाव समर्पण केलं. आता साईट उघडली की ढाबा न्हाई, सोताहून महाराजांचा फोटू येतो. साक्षात प्रकटले!"

"आणि तुमचा मेनू? फोन नंबर?"

"गेलं ते. खाली दुसऱ्याच कुठल्या हाटेलाचा नंबर हाय. तेबी महाराजांचे भगतच असत्याल." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आमची बायको झुंबरबाई तेवढी कुरकुरती. म्हणती, पुण्याच्या पार्ट्यांचे फोन यायचे बंद झाले. बाईमाणसाला श्रद्धा कमी."

मला हसावं की त्यांना गदागदा हलवावं ते कळेना. इतक्यात ललिताताई आल्या, मागे त्यांचा धाकटा भाऊ मच्छिंद्र. या भावानेच त्यांना महाराजांची गोडी लावली होती.

"ताई, पासवर्ड देऊ नका," मी म्हटलं.

"तेजू, तू माझ्या भल्याचं बोलतीस, कळतंय मला. पण मागच्या रविवारी मी या डोळ्यांनी बघितलंय. माझी शेड पहिली. तुझ्या हाफिसात का न्हाई दिसत?"

"कारण ती पहिली नाहीच. तिसऱ्या पानावर आहे."

मच्छिंद्रला माझी दया आली. "तसं न्हाई ओ मॅडम. तुमचा कॉम्प्युटर जागृत न्हाई. देवाचा फोटू घरोघरी असतो, पर नवस बोलायला जागृत ठिकाणीच जावं लागतं का न्हाई?"

दुसरीकडे नंबर दिसला नाही तर दोष दुसरीकडच्या कॉम्प्युटरचा. वाद घालून उपयोग नव्हता. मी ठरवलं, आपणही दर्शन घ्यायचं.

महाराजांनी पडदा ओढला आणि कॉम्प्युटरसमोर एकट्याने ध्यान केलं. पडद्याआडून ध्यानाबरोबर टकटकही ऐकू येत होती. पडदा सरला. मी हात जोडून पुढे झाले.

"महाराज, ताईंच्या वतीने मी टाईप केलं तर चालेल?"

"अवश्य! इंजिन भक्ताभक्तांत भेद करत नाही."

मी मोठ्याने वाचत टाईप केलं, "कंपनी युनिफॉर्म सणसवाडी." बटण दाबलं. ललिताताईंची शेड पहिली! टाळ्या पडल्या. महाराजांनी ताईंकडे कान वळवला. ताई पुढे वाकल्या.

"एक मिनिट ताई, हौस फिटली नाही माझी," मी म्हटलं आणि टाईप केलं, "हेलिकॉप्टर दुरुस्ती दौंड."

पहिला नंबर, ललिताताईंची शेड.

मला वाटलं, आता लोक चपापतील. कसलं काय! गाळा दणाणून गेला. "हेलिकॉप्टरमधी बी पहिला! महाराज की जय!" पोपटराव तर उठून उभे राहिले.

मीही आता पेटले. "म्हशीचा पासपोर्ट," असं टाईप केलं. शेड पहिली! "चंद्रावर भाड्याने खोली." पहिली! मच्छिंद्र नाचायच्या बेतात होता. मागून एक जण ओरडला, "माझं बी नाव चंद्रावर लावा, महाराज!" माझ्या प्रत्येक बाणाचा महाराजांच्या गळ्यात हार होत होता.

सगळ्या गाळ्यात एकट्या ललिताताई कपाळाला आठ्या घालून मॉनिटरकडे बघत होत्या. त्यांनी पदर खोचला.

"तेजू, म्या कवा म्हशीचा पासपोर्ट शिवला?"

"नाही शिवलात, ताई."

"मग त्याच्यात माझा नंबर पहिला कसा? उद्या हेलिकॉप्टरवाला फोन करील, त्याला काय सांगू? युनिफॉर्म घेऊन जा?" आता त्या महाराजांकडे वळल्या. "जो काय बी विचारलं तरी एकच उत्तर देतो, त्यानं सवाल ऐकला तरी का?"

मला इतका आनंद झाला की मी त्यांना तिथेच मिठी मारणार होते. एवढा नेमका प्रश्न मला सुचला नव्हता.

"शंका!" महाराज गरजले. "शंकेने कनेक्शन तुटतं!"

"कनेक्शन कुठंय ते तरी दावा," ताई म्हणाल्या. "माझ्या मशीनला धागा कुठून येतो ते म्या रोज बघती. ह्याला इंटरनेट कुठून येतो?"

पोपटरावांना हा महाराजांचा अपमान सहन झाला नाही. "अगं बाई, ही काय वायर!" असं म्हणत त्यांनी झेंडूच्या माळा बाजूला सारल्या आणि कॉम्प्युटरच्या पाठीतून निघालेली निळी वायर सगळ्यांना दिसेल अशी उचलली. "ही इथून निघाली... ही टेबलाखालून गेली..." पोपटराव गुडघ्यांवर बसले. वायरीमागे रांगत ते पाटाजवळ पोचले. "ही पाटाला वळसा घालून... हितं..."

पाटावर पूजेचा कलश होता. पोपटरावांनी नारळ उचलला. वायरीचं दुसरं टोक कलशातल्या तांदळात रुतवून ठेवलं होतं.

पोपटराव एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात वायर घेऊन बसले होते, वायरीच्या टोकातून तांदळाचे दाणे गळत होते.

"महाराज," ते हळू आवाजात म्हणाले, "इंटरनेट तांदळात हाय?"

"कृपा... कृपा वायरलेस असते," महाराज म्हणाले, पण टाय सैल करत.

"मग वायर कशाला?" मागून कुणीतरी विचारलं, आणि पहिलं हसू फुटलं. मग दुसरं. मग सगळी गल्ली हसली.

मी कॉम्प्युटरवर रेल्वेचं वेळापत्रक उघडून दाखवायचा प्रयत्न केला. उघडेना. कुठलंच पान उघडेना. उघडायचं फक्त एकच: गूगलसारखं दिसणारं, महाराजांनी स्वतः बनवून त्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलेलं पान. त्यात काहीही टाईप करा, सगळ्यात वर समोरच्या भक्ताचंच नाव. पडद्याआडचं ध्यान म्हणजे आधीच्या भक्ताचं नाव खोडून पुढच्याचं घालणं. भिंतीवर रंगवलेला चंद्र अमावस्येलाही दिसतो, तसाच हा पहिला नंबर. आणि पांढऱ्या अक्षरांचा जप? ती चोरी सर्च इंजिनाला कळते. कळली की ते साईटला उलट मागे ढकलतं. पोपटरावांच्या साईटच्या नशिबात तेही आलं होतंच.

"आन् आमची नावं?" टायरवाल्याने विचारलं. त्याचे डोळे आता कोरडे होते.

"ती यांच्याकडे आहेत. किल्ल्या बदलून घेतल्यात. तुमच्या पाटीवर आलेलं गिऱ्हाईक हे आपल्या माणसाकडे वळवतात. आप्पा, तुमच्या साईटवर यांच्या फोटोखालचं हॉटेल कुणाचं, विचारा त्यांना."

पोपटराव उठले. नारळ अजून हातातच होता. "कुणाचं?"

महाराजांनी नारळाकडे बघितलं. "मेव्हण्याचं," ते म्हणाले. त्या एका शब्दात त्यांचं महाराजपण उतरलं आणि जयसिंग नावाचा, पूर्वी घरोघर पाण्याचे फिल्टर विकणारा माणूस बाकी राहिला. कुणी त्याच्या अंगाला हात लावू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले. मारहाणीने नावं परत येत नसतात.

मग निघाली वरात. पुढे जयसिंग, मागे आम्ही सगळे, समोरच्या सायबर कॅफेत. त्याने तिथे बसून एकेकाचं नाव परत केलं आणि प्रत्येकाने नवा पासवर्ड स्वतः टाईप केला. बाकीच्यांनी मी न सांगता पाठ फिरवली. ढाब्याचा मेनू पुन्हा दिसू लागला तेव्हा पोपटरावांनी झुंबरबाईंना फोन लावला. "तुझं खरं व्हतं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या संसारातला हा खरा चमत्कार असावा.

ललिताताईंनी आपली शेड शोधायला सांगितली. मी शोधली. तिसरं पान, मधोमध. मच्छिंद्रचं तोंड पडलं.

"असू दे की तिसरं," ताई म्हणाल्या. "पर खरं हाय, आन् माझं हाय. रांजणगाववाल्यांनी इथूनच तर शोधलं मला."

मित्रहो, इंटरनेट हा माणसांनी बांधलेला कारभार आहे. त्यात कुणाचा वशिला चालत नाही आणि तिथे पहिल्या नंबराची हमी कुणालाही देता येत नाही. आपलं नाव आपल्याच हाती ठेवा, आपलं काम खरं खरं लिहा, आणि एका ठिकाणी दिसलेलं दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहा. खरी गोष्ट शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवरही खरीच असते. तरीही कुणी चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी त्याच हातांनी वायर धरा आणि ती कुठे जाते ते बघून या.