गिरणीवालीचा उंबरठा

"मंग त्या गिरणीवालीनं दिराला घरात घेतलं का न्हाई?" गुणाबाईंनी विचारलं आणि रांगेतली आपली घागर पायाने पुढे सरकवली.

"नाही घेतलं," सुमनबाई म्हणाल्या. "दारातच बसवलं. भाकरी दिली, पोटभर दिली. पण आत ये म्हणाली नाही."

"ब्येस केलं. ज्यानं घरातून हाकललं, त्याला जेवू तरी घातलं. लई मोठ्या मनाची बाई."

इंग्रजी कादंबरीतल्या पावाची सुमनबाईंनी कधीच भाकरी करून टाकली होती. रांगेतल्या चौघीजणींनी माना डोलावल्या. सुमनबाईंना काहीतरी खटकलं.

लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या आणि नळ कोरडे होते. सुमनबाई चौथीच्या वर्गाला शिकवत आणि बाहेरून इंग्रजीचं एम.ए. करत. घरी निवांतपणा मिळेना, म्हणून टँकरच्या रांगेत कादंबरी वाचत आणि बायका सोडत नसत म्हणून तिथेच सांगतही. नवरा रामकिशन कलेक्टर कचेरीत कारकून. तो चिडवायचा, "एम.ए. होऊनबी चौथीच शिकवणार ना?"

"हाव. पण शिकवणारी एम.ए. असंल."

गुणाबाई शेजारच्या. औशाकडच्या शेतकरी घरातल्या, विहीर आटल्यापासून लातुरात लेकाकडे राहायला आलेल्या. माणूस मायाळू. रांगेत सुमनबाईंच्या घागरीला त्यांची घागर लागलेली चालायची. पण सुमनबाईंचं घर बौद्ध, त्यामुळे त्या घरात चहा टाकला की गुणाबाईंना नेमका उपास असायचा. दोन वर्षांत त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. सुमनबाईंना कारण ठाऊक होतं, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे गुणाबाईंनाही माहीत होतं.

लेखी पेपर सगळे सुटले होते, राहिली होती तोंडी परीक्षा. गेल्या साली त्यातच गाडी अडकली. सुमनबाईंनी गाईड घडाघडा म्हणून दाखवलं, तेव्हा परीक्षक मॅडम म्हणाल्या, "हे राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?" चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. तोंडातून शब्द फुटला नाही. यंदाही नापास झाल्या, तर सगळे पेपर पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागणार होते.

पहाटेच्या एसटीने त्या नांदेडला गेल्या. समोर त्याच मॅडम. गिरणीवालीचा विषय निघाला आणि पुन्हा तोच प्रश्न आला.

सुमनबाईंनी पदर सारखा केला. "गाईड म्हणतं, बाई निष्ठुर आहे," त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागल्या. "आमच्या गल्लीतल्या गुणाबाई म्हणतात, मोठ्या मनाची आहे. मला दोन्ही पटत नाही."

"का?"

"माझी आई पाटलांच्या दारात बसून जेवायची. मी तिच्या शेजारी. भाकरी कधी कमी पडली नाही. पाणी मात्र वरून ओंजळीत. पोट भरायचं, मॅडम. पण त्या घराच्या भिंती आतून कुठल्या रंगाच्या होत्या, ते मला अजून माहीत नाही." त्यांनी मॅडमकडे सरळ पाहिलं. "दारात बसवणं काय असतं ते त्या बाईला कळत होतं. म्हणूनच तिनं ती शिक्षा दिली. मी असते तर आत बोलावलं असतं, नाहीतर भाकरीच दिली नसती."

इंग्रजी दोनदा चुकलं. एकदा त्यांनी सुधारलं, एकदा तसंच जाऊ दिलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बोला, अजून बोला." सुमनबाई वीस मिनिटं बोलत होत्या. बाहेर येऊन त्यांनी अर्धापूरची दोन केळी घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

महिन्याने वर्तमानपत्रातल्या निकालात त्यांचा नंबर आला. रामकिशनने पेढे वाटले. दुपारी गुणाबाई गुळाचा खडा घेऊन आल्या आणि नेहमीसारख्या दारात उभ्या राहिल्या.

"नाव काढलं बगा, बाई. काय बोललात तिथं?"

सुमनबाईंनी सगळं सांगितलं. ओंजळीतलं पाणीही सांगितलं. गुणाबाई खाली बघत ऐकत राहिल्या.

"चहा टाकते," सुमनबाई म्हणाल्या.

"नगं, आज माजा..." गुणाबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं.

चहा झाला. सुमनबाईंनी चुलीजवळ सतरंजी अंथरली आणि कपबशी तिथे ठेवली. मग त्या दाराकडे वळल्या.

"चहा आत ठेवलाय, गुणाबाई. दारात मी कुणाला देत नाही."

गुणाबाईंनी एकदा गल्लीकडे पाहिलं. ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी चपला काढल्या, बुटक्या चौकटीखालून वाकून आत आल्या आणि सतरंजीवर बसल्या. बशीत ओतून चहाचा एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या.

सुमनबाईंनी साखरेचा डबाच त्यांच्यापुढे सरकवला. गुणाबाईंनी झाकण उघडलं आणि आपल्या हाताने चिमूटभर साखर घेतली.