सुट्टीच्या दिवसाची साखर

घाबरू नका मित्रांनो, मी तुमचे बोट टोचणार नाही. मी रक्तातली साखर मोजणारे, आता जुने झालेले एक यंत्र आहे. कारखान्यातून निघाले ते थेट बस डेपोतल्या एका कारकुनांच्या घरी आले. कोणत्या गाडीवर कोणता चालक जाणार, हे ठरवणे त्यांचे काम. म्हणजे चालकांनीही यांच्यावरच चिडायचे आणि मॅनेजरनेही.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. शेजारीपाजारीही हौसेने बोटे पुढे करत. पुढे मात्र मला फक्त सुट्टीच्या दिवशी कपाटातून काढू लागले. कामाच्या दिवशी वेळ कुणाला? सुट्टीला कारकून निवांत उठत, झाडांना पाणी घालत आणि जेवणाआधी बोट पुढे करत. आकडा अगदी शहाण्यासारखा येई. शाबासकी मला मिळे.

आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या रक्ततपासणीत साखर भलतीच वाढलेली निघाली! "अशीच राहिली तर डोळ्यांवर जाईल," डॉक्टर म्हणाले. घरी खटलाच उभा राहिला.

"खरं सांगा, डेपोत गोडधोड खाता ना?" बायकोने विचारले.

"अगं, तुझ्या डब्याशिवाय कशाला हात लावत नाही."

"मग साखर काय वाऱ्याने आली?"

"यंत्राला विचार. दर सुट्टीला बरोबर दाखवतं."

"मग ते तरी बिघडलंय, नाहीतर तुम्ही तरी!"

माझी रवानगी संपलेल्या सेलच्या खणात झाली. बाई नवऱ्याचे खिसे तपासू लागल्या. कारकून ताटावरून लवकर उठू लागले.

एके दिवशी बाईंनी मला पर्समध्ये टाकले आणि नवऱ्याला रंगेहाथ पकडायला, जेवणाच्या सुट्टीआधी डेपो गाठला. डबा टेबलावर तसाच बंद होता. फोन थांबत नव्हता. खिडकीतून एक चालक ओरडत होता, "मास्तर, आजही लांबची गाडी? मी माणूस आहे का कोण!" मागून मॅनेजर विचारत होते, "ती गाडी अजून सुटली का नाही?" कारकुनांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

बाईंनी आधी खण उघडून पाहिले. नुसते कागद. मग मला काढले. "बोट द्या."

मी दाखवलेला आकडा बघून त्या खुर्चीवर बसल्याच.

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"न्याहारी. तू दिलीस तीच. सुट्टीला देतेस तीच."

तेवढ्यात फोन पुन्हा खणखणला. बाईंनीच उचलला. "ते जेवतायत. अर्ध्या तासाने करा." आणि डबा उघडून नवऱ्यापुढे सरकवला.

डॉक्टरांनी नंतर समजावले, की ताण आला की शरीर स्वतःच रक्तात साखर सोडते; गोळ्या आणि पथ्य हवेच, पण जेवायला निवांतपणाही हवा. मॅनेजरने कुरकुरत का होईना, दुपारच्या फोनला दुसरा माणूस दिला. आकडा हळूहळू उतरला. खिसे तपासणे तर त्याच दिवशी थांबले.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, सेल वेळेवर बदला. माझे एवढ्यावर भागते. पण कामावरून दमून आलेल्या तुमच्या माणसाला, काय खाल्लं हे विचारण्याआधी, दिवस कसा गेला ते विचारा. तेवढे मला मोजता येत नाही.